आपलं कापड आपण तपासू नये

फिल्म मी काचेच्या मेजावर ठेवली, खालची ट्यूब लावली आणि जैतूनबीला म्हटलं, "ये, माझा गळा बघ."

जैतूनबी डब्यातल्या भाकरीचा तुकडा हातात घेऊनच आली. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकून बघितलं. "ह्यात गळा कुठं हाय गं? मला तर धुरळा दिसतोय."

"मलाबी आधी तसंच वाटलं. आता नीट बघ. मधे हे गोल दिसतंय ती श्वासनळी. तिच्या दोन अंगाला दोन पंख हायत ना, ती थायरॉइडची ग्रंथी."

"बरं."

"उजव्या अंगाच्या पंखात हा काळपट ठिपका. दिसला?"

"दिसला की. बोराच्या बीएवढा."

"आता कागदावर काय लिवलंय बघ. लेफ्ट. लेफ्ट म्हणजे डावा. गाठ डाव्या बाजूला, अकरा मिलिमीटर, असं लिवलंय. आणि फोटोत हाय उजव्या बाजूला."

जैतूनबीनं घास चावायचा थांबवला. आम्ही दोघी कापड तपासणाऱ्या. इचलकरंजीत गावभागातल्या एका कारखान्यात, चोवीस मागांच्या खात्याला लागून असलेल्या खोलीत, तिरक्या काचेवर दिवसभर कापड ओढायचं आणि दोष दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा, हे आमचं काम. मी अकरा वर्षं करत होते, जैतूनबी पंचवीस. डावा काठ आणि उजवा काठ यात आमची चूक झाली तर अख्खा तागा परत येतो. तिथं कागद एक म्हणतोय आणि कापड दुसरंच दाखवतंय म्हटल्यावर आमचा निकाल ठरलेला असतो.

"म्हणजे कागद अदलाबदल झाला," जैतूनबी म्हणाली.

"झालाच. माझा न्हाईच हा. कुणा दुसऱ्या बाईचा माझ्या नावावर आलाय."

असं म्हणताना माझ्या अंगावरचं ओझं उतरलं, खोटं कशाला सांगू. कारण पुढच्या गुरुवारी माझं ऑपरेशन ठरलं होतं.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. त्याच्या आधी तीन वर्षं मी थायरॉइडची गोळी घेत होते, रोज सकाळी उपाशीपोटी. केस गळायचे, अंग सुजायचं, बसल्या जागी डुलकी लागायची. डॉक्टरांनी रक्त तपासून आजाराचं नाव सांगितलं होतं, हाशिमोटो. जैतूनबी म्हणाली होती, जपानहून आलेल्या मागाचं नाव वाटतंय. आपलंच रक्त आपल्याच ग्रंथीला परकं समजून तिच्याशी भांडत बसतं, असा तो आजार. मी घरी येऊन सांगितलं तर माझे मालक, मुरलीधर, मागावरून नुकतेच आलेले, कानातला कापूस काढत म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारखाच की. घरच्यांशीच भांडण." आम्ही हसलो होतो.

मग त्या साली गळ्याची सोनोग्राफी झाली आणि हसणं थांबलं. पहिल्या ठिकाणी लिहून आलं, डाव्या बाजूला गाठ. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी आणखी एका ठिकाणी पाठवलं, तिथं लिहून आलं, सगळी ग्रंथीच ठिपकेदार आहे, गाठ आहे का नाही नक्की सांगता येत नाही. मग सुई टोचून पाणी काढलं, त्याचं उत्तर आलं, पुरेसं आलं नाही, सांगता येत नाही. तीन कागद आणि तिन्हींची तोंडं तीन दिशांना. डॉक्टर म्हणाले, "एक तर पुन्हा सुई टोचू, नाहीतर डावी बाजू काढून टाकू आणि ती तपासू. म्हणजे शंका उरणार नाही. तुम्ही घरी विचार करा."

आमच्या घरी विचार एकानंच केला. मालक म्हणाले, "काढून टाका." त्यांचा तरी काय दोष. त्यांचा थोरला भाऊ दोन वर्षं 'बघू, बघू' करत गेला होता. त्यांना 'सांगता येत नाही' हे तीन शब्द सहन व्हायचे नाहीत.

आणि मला ऑपरेशन सहन होणार नव्हतं, कारण माझ्या आईचं झालेलं होतं.

माझी आई सत्यव्वा भाजी विकायची. मी अठरा वर्षांची असताना तिच्या गळ्याला मोठी सूज आली, मिरजेकडं नेऊन ऑपरेशन केलं आणि आवाज गेला. तो परत आलाच नाही. आवाजाची नस दुखावली असं कुणीतरी म्हणालं. ती बोलायची तर नुसती हवा यायची. तिची हाळी अख्ख्या बाजारात प्रसिद्ध होती. 'वांगीऽऽ, किष्णाकाठची वांगीऽऽ' असं ती ओरडायला लागली की दोन गल्ल्या पलीकडची बाई पिशवी घेऊन निघायची. ऑपरेशननंतर ती तराजूच्या पारड्यावर लोखंडी माप वाजवून गिऱ्हाईक बोलवायला लागली. टण टण, टण टण. बाजारातली पोरंसोरं तिला टणटणव्वा म्हणायची.

"आवाज गेला पण जीव वाचला," असं सगळे म्हणायचे. तीही म्हणायची. गळ्यावर हात ठेवायची, मग आभाळाकडं दाखवायची. तो तिचा हिशेब होता आणि त्या हिशेबावर ती अठरा वर्षं तगली होती.

म्हणून कागद दुसऱ्या बाईचा आहे असं वाटलं तेव्हा मी तेच घट्ट धरून बसले.

जैतूनबी मात्र घास गिळून म्हणाली, "इंदू, एक सांगू? हे तू बघायलाच नको होतंस."

"का?"

"आपल्या मालकाच्या मागाचं कापड आपण तपासतो का?"

नाही तपासत. तो आमच्या खोलीतला जुना कायदा. मालकांच्या मागाचा तागा आला की मी जैतूनबीकडं सरकवायची, तिच्या पोराच्या मागाचा आला की ती माझ्याकडं. लबाडी होईल म्हणून नव्हे. आपल्या कापडावर डोळा सरळ पडतच नाही. एक तर दोष दिसत नाही, नाहीतर नसलेला दिसतो. आणि कुणी फेरतपासणी मागितली तर आधीचे लाल दोरे सगळे काढून टाकायचे आणि मगच तागा दुसरीच्या मेजावर द्यायचा. दोरा दिसला की डोळा तिथंच जातो.

"मग काय करू?"

"दुसऱ्याच्या मेजावर दे. जयसिंगपूरला टिकेकर बाई हायत. माझ्या बहिणीचं त्यांनीच बघितलं होतं. म्हातारी हाय, पण डोळा तेज. सोमवारी जाऊ." मग जरा थांबून म्हणाली, "आणि दोरे काढून दे."

रविवारी दुपारी मी बाजारात आईकडं गेले. घरी मालकांना सांगितलं होतं की सोमवारी जयसिंगपूरला जाऊन येते. ते ताटावरून उठले होते. "गुरुवारची तारीख हाय. आता आणखी चौथा कागद आणून काय करणार? लोणचं घालणार?" मी म्हटलं, "कागद दुसरीचा हाय." ते म्हणाले, "तुला हवं तेच दिसतंय." मग आम्ही दिवसभर बोललो नाही.

बाजारात आईचा ठेला रांगेत शेवटी. मधे शंभर पावलांचं अंतर आणि सगळा कालवा. पण आम्हाला आवाज लागत नाही. मागाच्या खडखडाटात काम करणारी माणसं ओठ बघून बोलतात. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच शिकले. आईचा आवाज तेव्हा गेलेलाच होता, म्हणून मी तिलाही शिकवलं. मी लांबूनच तिला विचारलं, "जेवलीस?" तिनं लांबूनच ओठ हलवले, "तू ये आधी."

मी पोत्यावर टेकून सगळं सांगितलं. फोटो, डावं, उजवं, गुरुवार, जयसिंगपूर. ती वांगी पुसत ऐकत होती. एकेक वांगं फडक्यानं पुसून चमकवायची तिची पद्धत. सगळं झाल्यावर तिनं मापांची पेटी उघडली, अर्ध्या किलोच्या मापाखालून प्लास्टिकच्या पिशवीची घडी काढली आणि माझ्या हातात दिली.

आत एक पिवळा पडलेला कागद होता. इंग्रजीतला, टाइप केलेला.

"काय हे?"

"माझ्या गळ्यातनं काढलं त्याची तपासणी," ती हवेच्या आवाजात म्हणाली. "तुझ्या बानं आणला होता. मी उघडू दिला न्हाई."

"आई, अठरा वर्षं? वाचलाच न्हाई कुणी?"

"वाचून आवाज येणार होता का?" तिनं वांगं खाली ठेवलं. "त्यात काय लिवलंय मला ठाव हाय. वाईटच रोग असणार. न्हाईतर कोण कुणाचा गळा कापतंय. तुझ्या डॉक्टरीण बाईला लागला तर दाखव. लेकीचं बघताना आईचं विचारतात. पण मला सांगू नको."

"बरं."

"इंदे, शप्पथ घे. काय निघालं ते मला सांगायचं न्हाई."

मी शपथ घेतली. तिनं मान फिरवून पारड्यावर माप वाजवायला सुरुवात केली. टण टण.

टिकेकर बाईंचा दवाखाना म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची बाजू. बाई सत्तरीच्या. पांढरे केस कापलेले, सुती साडी, पायात कापडी बूट. जैतूनबीला बघून त्या म्हणाल्या, "बहिणीची तब्येत कशी आहे?" आणि माझ्याकडे हात पुढे केला. "आधीचे रिपोर्ट आणलेत?"

"आणलेत," मी म्हटलं. "पण आत्ता देणार न्हाई."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "का बरं?"

"आमच्याकडं फेरतपासणीला दिलं की आधीचे दोरे काढून देतात. तुम्ही आधी बघा. मग देते."

जैतूनबीनं मला कोपरानं ढोसलं. मलाही वाटलं, आता ही म्हातारी हाकलून देणार. पण त्यांनी हात मागे घेतला. "कुठे काम करता?"

मी सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, काच किती तिरकी ठेवता आणि दिवा खालून का वरून. मग म्हणाल्या, "ठीक आहे. दोरे काढून बघू. झोपा."

गळ्याला गार चिकट औषध लागलं. यंत्राचा पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला, जैतूनबी माझ्या उशाशी. बाई हातातला दांडू गळ्यावर आडवा ठेवून हळूहळू खाली सरकवत होत्या आणि बोलत होत्या. "ही उजवी बाजू. बघा, साध्या माणसाची ग्रंथी मऊ एकसारखी दिसते, मलमलीसारखी म्हणा. तुमची अशी आहे."

माझी जाडीभरडी होती. कुठं दाट, कुठं विरळ, मधे मधे पांढऱ्या रेघा. असं कापड माझ्या मेजावर आलं असतं तर मी मागवाल्याला बोलावून घेतलं असतं.

"ही त्या आजारानं. वर्षानुवर्षं सूज येते, उतरते, व्रण राहतात. त्यामुळे अशा ग्रंथीत वाचणाऱ्याचं काम अवघड होतं. जिथं तिथं काहीतरी दिसतं." मग दांडू पलीकडे गेला आणि त्यांचा हात थांबला. "ही डावी."

आणि तो होता. तोच काळपट ठिपका, तसाच गोल, बोराच्या बीएवढा.

म्हणजे माझाच होता. फोटो माझा होता, कागदही माझा होता. मी पडद्यावर बघितलं तर ठिपका पडद्याच्या उजव्या बाजूला, आणि बाईंचा हात माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला.

"बाई," माझा आवाज बारीक झाला, "तुम्ही डावी म्हणताय आणि पडद्यावर उजवीकडं दिसतंय."

"आपण समोरासमोर आहोत म्हणून. तुमचा डावा हात माझ्या उजव्या अंगाला येतो ना? चित्र नेहमी बघणाऱ्याच्या बाजूनं असतं."

जैतूनबीनं कपाळावर हात मारून घेतला. अकरा वर्षं आणि पंचवीस वर्षं, छत्तीस वर्षांचा आमचा दोघींचा अनुभव, आणि एवढं सुचलं नव्हतं. कापड कधी आपल्याकडं तोंड करून बसत नाही, म्हणून असेल. मी पडल्या पडल्या डोळे मिटले. मालक म्हणाले होते तेच खरं होतं, मला हवं तेच दिसलं होतं. गुरुवार आता तीन दिवसांवर होता. आईसारखं माप वाजवत बसलेली मी मला दिसली.

मग माझ्या आतलं काहीतरी उठून बसलं. दुसरं काही नव्हे, सवयच. काचेवर डाग दिसला की लगेच दोरा बांधायचा नसतो. सुताला खळ कमीजास्त लागलेली असली की उजेडात नुसताच काळपट पट्टा दिसतो, दोष नसताना. तागा आडवा बघितला तर गोल डाग वाटतो. तोच फिरवून उभा धरला की डाग लांब पसरतो आणि नाहीसा होतो. खरा दोष असला तर कसाही फिरवा, जागचा हलत नाही.

मी डोळे उघडले. "बाई, हे तुम्ही आडवं बघितलंत."

"हो."

"आता उभं बघा की."

"तेच करणार होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. आमच्याकडं तसंच बघतात."

त्यांनी दांडू जागच्या जागी फिरवला, गळ्याच्या लांबीनं. पडद्यावरचा ठिपका ताणला गेला, त्याच्या कडा सुटल्या, आणि त्या जागी वरून खाली जाणारा एक काळपट पट्टा उरला. दोन पांढऱ्या रेघांच्या मधला. बाईंनी पुन्हा आडवा केला, ठिपका आला. उभा केला, गेला. आडवा, आला. उभा, गेला. जैतूनबी पुटपुटली, "या अल्ला, खळीचा पट्टा."

"पुन्हा करा," मी म्हटलं. मला भीती नव्हती वाटत आता, मला नुसतं बघायचं होतं. स्वतःचा गळा असा उघडून, फिरवून, उजेडात धरलेला कुणाला बघायला मिळतो? बाईंनाही घाई नव्हती. त्यांनी रक्त कुठं जास्त वाहतं ते रंगात दाखवलं, मानेच्या बाजूच्या गाठी दाखवल्या, श्वासनळीच्या मागची अन्ननलिका दाखवली आणि मला थुंकी गिळायला लावली. ती हलली. मी तीनदा गिळली.

मग त्यांनी गळा पुसायला कागद दिला. "आता द्या तुमचे दोरे."

मी तिन्ही कागद दिले. त्या वाचून म्हणाल्या, "यात कोणी चूक केली असं मी म्हणणार नाही. पहिल्यानं ठिपका बघितला, तो आहेच. दुसऱ्यानं नक्की सांगता येत नाही म्हटलं, तेही खरं. सुजलेल्या ग्रंथीतून सुईला कधी कधी नुसतं रक्तच येतं."

"मग ही गाठ न्हाई?"

"मला गाठ वाटत नाही. सुजेचा पट्टा आहे. पण छातीठोक सांगणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या, मग वर्षानं. वाढला, आकार धरला तर सुई टोचू. तोवर गळ्याला कोणी हात लावावा असं मला वाटत नाही. तुमच्या डॉक्टरांना मी फोन करते, ते गृहस्थ समंजस आहेत."

"बाई," जैतूनबीनं मधेच विचारलं, "तुम्ही तुमचा स्वतःचा गळा बघता का या यंत्रात?"

टिकेकर बाई हसल्या. "एकदा बघितला होता. तीन गाठी दिसल्या. चार दिवस जेवले नाही. मग मैत्रिणीनं बघितलं, एकही नव्हती."

आम्ही तिघी हसलो. मग मला पिशवीतलं आठवलं.

"हा आणखी एक कागद," मी म्हटलं. "माझ्या आईचा. अठरा वर्षं झाली. कुणी वाचलेला न्हाई."

बाईंनी तो खिडकीपाशी नेऊन वाचला. वाचून झाल्यावर उलटा करून बघितला, मागे काही आहे का म्हणून. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"आई आहेत?"

"हायत. बोलता येत न्हाई."

"हं." त्या खुर्चीत बसल्या. "हाच आजार. तुमचाच. सगळी सूज होती. वाईट काही नव्हतं त्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे कॅन्सर नव्हता."

मी विचारलं, "मग कापला कशाला?"

"त्या वेळी गावोगावी अशी यंत्रं कुठं होती? मोठी सूज असेल, श्वास अडत असेल. मी तिथं असते तर मीही कदाचित हेच केलं असतं." त्यांनी कागदाची घडी जुन्या घडीवरच घातली. "पण हा मला उपयोगी पडला. आईला हेच होतं, लेकीला हेच आहे. माझं मत त्यानं पक्कं झालं. हे मी तुमच्या डॉक्टरांनाही सांगेन."

एस.टी.त जैतूनबी सारखी बोलत होती, मी ऐकत नव्हते. माझा गळा वाचला होता आणि मला आनंद होत नव्हता. आवाज गेला पण जीव वाचला. त्यातला जीव तर कधी जाणारच नव्हता. आईनं गळ्यावरचा हात आभाळाकडं नेलेला मी अठरा वर्षं बघत आले होते. आता ते कसं बघायचं? शपथ घेतली हे बरं झालं, असं मी मनाला सांगत होते. सांगायचंच नाही.

बाजारात पोचलो तेव्हा पाच वाजले होते. मालक तिथं येऊन उभे. खात्यातून सुटून तडक आले होते, केसांत कापसाचे तंतू तसेच. मी म्हटलं, "ऑपरेशन न्हाई. बाईंनी माझ्यासमोरच आपल्या डॉक्टरांना फोन केला, तेबी थांबू म्हणाले. सहा महिन्यांनी परत बघायचं."

"आणि गाठ?"

"आडवं बघितलं तर हाय, उभं बघितलं तर न्हाई."

"हे काय उत्तर झालं?"

"तुम्ही माझ्याबरोबर चला सहा महिन्यांनी. दाखवते."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, चिडणार. पण ते जैतूनबीला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बघितलंत?" ती म्हणाली, "या डोळ्यांनी." तेव्हा कुठं ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्यांचे डोळे भरले होते. मी तिकडं बघितलं नाही, त्यांना आवडलं नसतं.

आई रांगेच्या शेवटी उभी होती. शंभर पावलांवरून तिनं आम्हाला बघितलं होतं आणि माझ्या तोंडावरून तिला माझं कळलं होतं, कारण ती हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. तिनं ओठ हलवले. गर्दीतून, टोपल्यांवरून, दोन गाढवांच्या पाठींवरून मी ते वाचले.

"माझंबी तसंच होतं का?"

शपथ तोंडाची होती. मी तोंड उघडलं नाही. पण मला मान फिरवता आली नाही आणि तोंडावर काय आलं ते झाकता आलं नाही. जिनं इतकी वर्षं नुसती तोंडं वाचली, तिला काय लपवणार?

मी तिच्याजवळ पोचले तेव्हा ती पोत्यावर बसली होती. एक बाई वांग्यांचा भाव विचारत उभी, आईचं लक्ष नाही. मीच वांगी तोलून दिली. बाई गेली. आईनं टोपलीतलं एक किडकं वांगं उचललं आणि रस्त्यावर जोरात भिरकावलं.

"मुडदा बशिवला त्या कागदाचा," ती म्हणाली. नुसती हवा, पण प्रत्येक शब्द ऐकू आला. "दरवर्षी दिवाळी आली की मी म्हणायचे, देवानं हीबी दिली. वाईट रोगातनं उठवलं मला. आणि मला काय झालंच नव्हतं."

"आई..."

"गप."

तिनं पदरानं नाक पुसलं, मापांची पेटी बंद केली, पुन्हा उघडली. शेजारचा मिरचीवाला ओरडत होता, त्याच्यापुढं आमच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"त्या बाईला लागला का कागद?" तिनं विचारलं.

"लागला. त्या म्हणाल्या, आईचं कळलं म्हणून लेकीचं पक्कं झालं."

"तुझा गळा न्हाई कापणार?"

"न्हाई."

ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. आजारानं जरा फुगलेला, चिकट औषध कुठंतरी अजून वाळलेलं. तिनं बोट ओलं करून ते पुसून काढलं, लहानपणी तोंड पुसायची तसं. "मग माझा आवाज फुकट न्हाई गेला म्हणायचा," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. तिनं मला रडू दिलं नाही. उठून उभी राहिली, टोपल्यांकडं हात केला. अर्धा माल तसाच होता आणि बाजार उठायला आला होता. तिनं पारड्यावरचं माप उचललं, वाजवलं नाही, पेटीत ठेवून दिलं.

"दे हाळी," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण? गळा हाय न्हवं तुला?"

मालक आणि जैतूनबी बघत होते. अकरा वर्षं खोलीत बसून दोरे बांधणारी मी, चार माणसांत आवाज काढताना लाजायची. मी खाकरले. "वांगी," मी म्हटलं. मिरचीवाला हसला.

आईनं डोळे वटारले.

मी छाती भरून श्वास घेतला. "वांगीऽ, किष्णाकाठची वांगी."

दोन बायका वळल्या. आईनं मान हलवली, नापसंतीनं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि ओठ मोठे करून दाखवलं, माझा हात धरून हवेत लांब नेला. "शेवट लांबव. शेवट लांबवल्याबिगर पुढच्या गल्लीत जात न्हाई."

मी लांबवला.